हातांचा हिशेब

प्रस्तावना

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कोणत्याही भारतीयाला ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढता येतं. उत्पन्नाची अट नाही. प्रभात रोडच्या बंगल्यातले आजोबा असोत की पर्वतीच्या जनता वसाहतीतल्या आजी, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण मिळतं. त्याच्याही आधीपासून केंद्राच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना सीजीएचएस आहे, माजी सैनिकांना ईसीएचएस आहे, बाकीच्यांपैकी अनेकांनी मेडिक्लेम उतरवलेला आहे. म्हणजे आजोबा न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर शस्त्रक्रियेच्या बिलाला कुणीतरी वाटेकरी सापडतो. पुढे आजोबा घरी येतात. आता त्यांना कुशीवर वळवायला, उठवून बसवायला, संडासला न्यायला, अंग पुसायला आणि रात्री दोनला पाणी द्यायला माणूस लागतो, आणि तो महिनोन् महिने लागतो. त्याचा पगार कार्डावर निघत नाही. सर्वसाधारण मेडिक्लेममध्येही तो बसत नाही. आजारपणाचा खर्च थोडाफार वाटून घ्यायला आपण शिकलो. म्हातारपणाचा खर्च मात्र अजून ज्याचा त्यानं उचलायचा आहे. हे पुस्तक या दुसऱ्या खर्चाबद्दल आहे.

पुस्तक पुण्यापुरतं आहे, त्याला कारण आहे. पुणं हे पेन्शनरांचं गाव म्हणून पूर्वीपासून ओळखलं जातं. मुंबईत नोकरी करून निवृत्तीनंतर इथे घर बांधणारे, लष्करातून आणि सरकारी खात्यांतून बाहेर पडून इथेच स्थिरावणारे, पेठांमधले वाडे पाडल्यावर कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीत फ्लॅट घेणारे अशा सगळ्यांचं वय आता ऐंशीच्या आसपास आहे. त्यांचे चौथ्या मजल्यावरचे फ्लॅट ज्या काळात बांधले गेले, तेव्हा लिफ्ट ही चैन होती. त्यांची मुलं शिकली आणि अमेरिकेला, जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला गेली. त्याच वेळी हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत काम करायला लातूर, अमरावती, जळगाव, सोलापूरची मुलं पुण्यात आली आणि त्यांचे आई-वडील गावी राहिले. कॅलिफोर्नियातून पुण्यातल्या आईची औषधं सांभाळणारी मुलगी आणि बाणेरमधून अमरावतीच्या वडिलांसाठी माणूस शोधणारा मुलगा यांची अडचण एकाच जातीची आहे. दोघांकडे पैसे पाठवायची सोय आहे, हातभार लावायची नाही.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठी ओलांडलेल्यांचं प्रमाण ९.९ टक्के होतं. देशाची सरासरी ८.६ टक्के. त्याला आता दीड दशक होत आलं. आयुष्य लांबलं, कुटुंब आटलं, आणि ज्या बायका पूर्वी घरात राहून सासू-सासऱ्यांचं करायच्या त्या नोकरीला लागल्या. या तिन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. त्यांची एकत्र बेरीज मात्र कुणी वेळेवर केली नाही.

असहाय म्हाताऱ्यांची सोय हा विचार पुण्याला नवा नाही. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६०च्या दशकात इथे अनाथ पंगुगृह उभं राहिलं. नवी पेठेतला ‘निवारा’ वृद्धाश्रम हे त्याच संस्थेचं आजचं रूप. १९९५नंतर राज्य सरकारच्या योजनेतून मातोश्री वृद्धाश्रम निघाले, त्यांतला एक कर्वेनगरला आहे. डॉ. विनोद शहा यांनी १९८८मध्ये स्थापन केलेल्या जनसेवा फाउंडेशनचा वृद्धाश्रम पानशेतच्या बाजूला आंबी इथे आहे. दुसऱ्या टोकाला ‘अथश्री’सारखी, खास ज्येष्ठांसाठी बांधलेली सशुल्क गृहसंकुलं आहेत. निराधाराला धर्मादाय संस्था आहे आणि ज्याच्याकडे फ्लॅटसाठी पैसे आहेत त्याला संकुल आहे. या दोन्हींच्या मध्ये जो मोठा वर्ग आहे, ज्याचं घर स्वतःचं आहे आणि पेन्शन वीस-तीस हजार आहे, त्याची सोय घरातच लावावी लागते. ज्येष्ठांच्या अशा बहुतेक संकुलांचा मूळ ग्राहकही हिंडता-फिरता ज्येष्ठ असतो. अंथरुणाला खिळल्यावर तिथेही सेवेसाठी मावशी वेगळी लावावी लागते आणि तिचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

महापालिकेच्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या विरंगुळा केंद्रांचंही तसंच. सकाळी पेपर, दुपारी कॅरम, संध्याकाळी गप्पा हे छान आहे. पण तिथपर्यंत चालत येतो तो ज्येष्ठ. पंचाहत्तरी झालेल्यांना एसटीचा प्रवास २०२२पासून मोफत झाला, तो लाभही जो जिना उतरू शकतो त्याचा. आपल्या बहुतेक योजनांच्या डोळ्यांसमोर धडधाकट म्हातारा असतो. स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, पक्षाघात असलेली माणसं घरात असतात आणि दिसत नाहीत.

आता पैशांकडे येऊ, कारण घरोघरी सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल. हिशेबासाठी असं धरू की मावशीच्या बारा तासांच्या पाळीला आठशे रुपये पडतात. भाग, मावशी पुरवणारा ब्युरो आणि रुग्णाची अवस्था यांप्रमाणे हा आकडा वर-खाली होतो. महिन्याला चोवीस हजार झाले. रात्रपाळीही लावली तर अठ्ठेचाळीस. त्यावर डायपर, एअर बेडचं भाडं, फिजिओची फी, औषधं आणि अधूनमधून घरी येणारे डॉक्टर. दुसऱ्या बाजूला जमा बघा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाख रुपये ठेवता येतात आणि हे लिहिताना तिथे ८.२ टक्के व्याज आहे. पूर्ण ३० लाख ठेवले तर महिन्याला २०,५०० रुपये पडतात. म्हणजे आयुष्यभराची शिल्लक सरकारच्या या चांगल्या व्याजाच्या योजनेत मर्यादेपर्यंत गुंतवली, तरी एका पाळीच्या मावशीचा पगार त्यातून सुटत नाही.

हे शिल्लक असलेल्यांचं झालं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत तीस-तीस वर्षं राबलेल्या कामगारांपैकी अनेकजण १९९५च्या ईपीएस योजनेचे पेन्शनर आहेत. तिची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४पासून महिना १,००० रुपये आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात, तेही वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तरच. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ऐंशीच्या आत २०० रुपये आणि पुढे ५०० रुपये आहे. या घरांत मावशी लावायचा प्रश्नच येत नाही. तिथे सून किंवा मुलगी कामावरून उठते आणि घरी बसते. तिची गेलेली मजुरी हा त्या घराचा शुश्रूषेवरचा खर्च असतो. तो कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

मध्यमवर्गाची गोची वेगळी. सदाशिव पेठेतला किंवा एरंडवण्यातला फ्लॅट कोटीच्या पुढे जातो आणि हातात महिन्याला पंचवीस हजार असतात. घराच्या भिंतींत अडकलेला हा पैसा मोकळा करायला २००७मध्ये रिव्हर्स मॉर्गेज आलं. साठीनंतर घर बँकेकडे तारण ठेवायचं, हप्ता आपण भरण्याऐवजी बँकेनं आपल्याला द्यायचा, हयातभर त्याच घरात राहायचं, आणि मागाहून वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं किंवा बँकेनं ते विकून वसुली करायची. या रकमेवर आयकर नाही. कागदावर योजना उत्तम, तरी ती आपल्याकडे रुजली नाही. हप्ता लहान पडतो, मुदत साधारण वीस वर्षांची असते, आणि मुख्य म्हणजे ‘घर मुलांसाठी ठेवायचं’ ही गाठ सुटत नाही. मुलांना ते घर नको असतं, त्यांचं सिअॅटलला असतं. पण तसं ते बोलत नाहीत आणि आई-वडील विचारत नाहीत. मोठा फ्लॅट भाड्यानं देऊन लिफ्ट असलेल्या लहान घरात जाणं हा साधा मार्गही याच अबोल्यात अडकतो. पुस्तकाच्या पहिल्या भागात घर, ठेवी, पेन्शन, विमा आणि आयकरातल्या सवलती यांची मांडणी केली आहे. उदाहरणार्थ, ज्या ज्येष्ठ आई-वडिलांचा आरोग्य विमा नाही, त्यांच्या औषधोपचारावर केलेल्या खर्चाची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतची वजावट जुन्या कररचनेत मुलांना मिळते. अनेक घरं ही सवलत विम्याच्या हप्त्यापुरतीच आहे असं समजून सोडून देतात.

दुसरा भाग माणसांचा आहे. पुण्यात सेवेला येणाऱ्या बाईला ‘मावशी’ म्हणतात आणि पुरुषाला ‘मामा’. नात्याची ही हाक प्रेमळ आहे, आणि सोयीचीही. मावशीला सुट्टी कोण देतं? बारा तासांच्या पाळीत तिनं जेवायचं कुठे आणि पाठ टेकायची कुठे, हे ठरवायचं राहून जातं. ब्युरो आपलं कमिशन कापून तिच्या हातात किती देतो, हे विचारायचं राहून जातं. त्या अप्पर इंदिरानगरहून, दांडेकर पुलावरून, जनता वसाहतीतून पीएमपी पकडून येतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरीही एक म्हातारं माणूस दिवसभर एकटं असतं. १९८० साली याच शहरातल्या मोलकरणींनी संप केला होता. पगारवाढ आणि आजारपणाची रजा यांसाठी त्या उभ्या राहिल्या आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना झाली. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा राज्यात आला तो २००८मध्ये. रुग्णसेवा करणाऱ्या मावशीचं काम मोलकरणीपेक्षा जोखमीचं. अंथरुणातल्या माणसाला जखमा होऊ न देता उलटवणं, नळीतून भरवणं, भ्रम झालेल्या माणसाचा मार न चिडता चुकवणं हे सगळं तिला यावं लागतं. तिचं प्रशिक्षण मात्र बहुतेक वेळा पहिल्या रुग्णाच्या पलंगाशीच होतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेले पुण्यातले संस्कृत पंडित एका हत्तीमागे चालत निघून जातात, आणि त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. डॉ. मोहन आगाशे यांचे चक्रपाणी शास्त्री बघताना आपण त्यांच्या मुलीच्या घालमेलीशी एकरूप होतो. पण या पुस्तकाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे ती माहुताची बायको. जिला काही देणंघेणं नव्हतं, तिनं केलं. रोज पुण्यात अशा अनेकजणी करतात, फरक इतकाच की तो त्यांचा रोजगार आहे. म्हणून या भागात मावशी कशी शोधावी याच्याइतकीच जागा तिच्याशी काय ठरवावं याला दिली आहे: आठवड्याची सुट्टी, त्या दिवशीचा बदली माणूस, पगाराची तारीख, कामाची लेखी यादी आणि ‘हे तुमचं काम नाही’ अशी दुसरी यादी.

तिसरा भाग कायद्याचा. ‘नटसम्राट’ १९७०मध्ये रंगभूमीवर आलं. अप्पासाहेब बेलवलकरांनी सगळं मुलांना वाटून टाकलं आणि स्वतःकडे काही ठेवलं नाही. त्यावर कायद्याचं उत्तर यायला २००७ उजाडलं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम त्या वर्षी झाला. त्याच्या कलम २३नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलानं सांभाळ केला नाही तर परत मिळवता येते. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२मध्ये सांगितलं की अशी अट होती हे दिसलं पाहिजे. जानेवारी २०२५मध्ये त्याच न्यायालयानं या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे लावला. तरी धडा एकच आहे. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळाची ओळ त्यात स्पष्ट लिहा. अप्पासाहेबांच्या वकिलानं ती लिहिली असती तर तिसरा अंक वेगळा झाला असता.

याच कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे निर्वाहभत्त्याचा अर्ज करता येतो. भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. २००७मध्ये ती रक्कम बरी होती, आज ती एका पाळीच्या निम्मीही नाही. मुलीही जबाबदार आहेत. विवाहित, कमावत्या मुलीनं वडिलांना पोटगी द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९८७मध्ये कल्याणच्या एका प्रकरणात दिला होता, आणि २००७च्या कायद्यात मुलगा, मुलगी, नातू, नात सगळे येतात. सून येत नाही. प्रत्यक्ष सेवेत मात्र अनेक घरांत पहिला नंबर तिचाच लागतो. आई-वडिलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून तो थेट त्यांच्या आई-वडिलांना देण्याचा निर्णय लातूर जिल्हा परिषदेनं घेतला, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. असे उपाय लागतात, पण त्यांची पोच पैशापर्यंत. रात्री दोनला पाणी द्यायला उठण्याचा हुकूम कोणतंही न्यायाधिकरण काढू शकत नाही.

कायद्याच्या भागात कमी नाट्यमय आणि जास्त उपयोगी असं एक प्रकरण कागदपत्रांचं आहे. आईची समज जायला लागल्यावर तिनं पूर्वी दिलेलं मुखत्यारपत्र आपल्याकडे चालत नाही. ती सही करू शकत नसेल आणि खातं तिच्या एकटीच्या नावावर असेल, तर तिचेच पैसे तिच्यासाठी काढायला अडतं. पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. हे टाळता येतं: खातं वेळेवर संयुक्त करणं, नामांकन तपासणं, मृत्युपत्र करणं. व्हेंटिलेटर नको असेल तर तसं आधी लिहून ठेवायची मुभा सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये दिली आणि २०२३मध्ये तिची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते काम होतं. यातलं जवळजवळ सगळं आई-वडील स्वतः स्पष्ट बोलू शकतात तोवरच करायचं असतं.

चौथ्या भागात मदतीची ठिकाणं आहेत. १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन महाराष्ट्रात जनसेवा फाउंडेशन चालवतं. पोलिसांच्या मदतीसाठी १०९० आहे. पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण आणि त्यांचे शुभंकर, म्हणजे काळजी घेणारे, एकमेकांकडून शिकतात. वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७पासून कर्करोगाच्या रुग्णांची मोफत काळजी घेतं आणि घरच्यांना ती कशी घ्यायची ते शिकवतं. हे शिकवणं मला मोलाचं वाटतं. रुग्णाला सोडताना रुग्णालयं औषधांची चिठ्ठी देतात, त्याला उचलायचं कसं हे क्वचितच दाखवतात.

शेवटचा, छोटा भाग मागणीचा आहे. जर्मनीनं १९९५मध्ये आणि जपाननं एप्रिल २०००मध्ये शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशीपासून प्रत्येकजण हप्ता भरतो, आणि पुढे मदतनीस, दिवसभराचं केंद्र, पलंग यांच्या खर्चातला मोठा वाटा त्या निधीतून जातो. आपण जपानइतके श्रीमंत नाही हे खरं. पण पाच लाखांचं रुग्णालयाचं कार्ड परवडतं, तर त्याच कार्डावर घरी सोडल्यानंतरच्या तीस दिवसांच्या मदतनिसाचा विचार करायला काय हरकत आहे? महापालिका विरंगुळा केंद्र बांधू शकते, तर व्हीलचेअर आत जाईल असं, दिवसभर सांभाळणारं केंद्रही बांधू शकते. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि ‘फेस्कॉम’सारख्या महासंघानं सवलतींच्या यादीत ही मागणी वर घ्यावी, असा या भागाचा आग्रह आहे.

पुस्तक वापरायची एक पद्धत सुचवतो. पहिल्या भागाच्या अखेरीस चार रकाने आखलेलं एक पान दिलं आहे: जमा, खर्च, वेळ आणि कोण. भावंडांमधली बहुतेक भांडणं दुसऱ्या रकान्यावरून होतात असं वाटतं, पण मूळ तिसऱ्यात असतं. एकजण परदेशातून पैसे पाठवतो, दुसरी पुण्यात रोज दोन तास आईकडे जाते, आणि दोघांनाही वाटतं की आपणच सगळं करतो. तिच्या दोन तासांना आठशे रुपयांच्या पाळीचा दर लावून बघा, आणि त्यात तिचा हक्काचा महिन्याभराचा सुट्टीचा काळ धरा. पान भरल्यावर बरेच सूर खाली येतात.

आणि ते पान भरायला बसाल तेव्हा आई-वडिलांना बरोबर घ्या. घर त्यांचं, पेन्शन त्यांची, शरीर त्यांचं. भावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा निर्णय परस्पर घेऊ नका. आईला मावशीच्या हातून आंघोळ चालेल का, वडिलांना गाव सोडायचं आहे का, फ्लॅट विकायचा का, हे त्यांनाच विचारा. ऐकू कमी येत असेल तर जरा मोठ्यानं विचारा.